हायस्कूलचं कँटीन नव्याने मांडायचंय? सोलापूरच्या शाळांसाठी पहिल्या दिवसापासून सगळं सविस्तर

आमच्या शाळेत सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत गच्चीकडं जाणाऱ्या जिन्यात एकटी बसून डबा खायची. मांडीवर रुमाल, त्यावर डबा, आणि कोण वर यायला लागलं की झाकण अर्धं ओढून घ्यायची. मी एकदा विचारलं, खाली कँटीनमध्ये बेंच मोकळे आहेत की गं, इथं का बसतीस? तर म्हणाली, "बाई, तिथं लई आवाज असतोय, आणि पत्र्याखाली डोकं दुखायलंय." मला वाटलं होतं मैत्रिणींशी भांडण झालं असेल. तसलं काहीच नव्हतं, जागाच बसण्यासारखी नव्हती.

मी शहराच्या पूर्व भागातल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. पाचवी ते दहावी. कँटीन म्हणजे एक लांबडा हॉल, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, लोखंडी बेंचच्या चार ओळी आणि एका टोकाला मावशींचा काउंटर. दोन उन्हाळी सुट्ट्या लावून आम्ही तो बदलला. पहिल्या वर्षी काय केलं तर थेट रंगावर पैसे घातले, भिंत पिवळी-केशरी, त्यावर पेंटरकडून सफरचंद आणि द्राक्षं काढून घेतली, पडदे लावले. जूनमध्ये शाळा उघडली आणि आठ दिवसात पोरं परत व्हरांड्यात, जिन्यात, सायकल स्टँडच्या मागं. दुसऱ्या वर्षी मात्र उलट्या बाजूनं सुरुवात केली. उकाडा, आवाज, पाणी, बसायला जागा, रांग, आणि रंग अगदी शेवटी. तुमच्या शाळेत करायचं असेल तर हाच क्रम धरा असं मी अगदी मनापासून सांगते.

आधी आठवडाभर नुसतं बघा

सोमवार ते शनिवार, सुट्टीची घंटा झाली की दहा मिनिटांनी एक चक्कर मारायची आणि पोरं कुठं कुठं खायलेत ते कागदावर मांडायचं. शाळेचा साधा नकाशा काढा आणि त्यावर ठिपके द्या. एक ठिपका एक पोरगं. वर्गात किती, झाडाखाली किती, गेटबाहेर गाड्यावर किती, कँटीनमध्ये किती, आणि डबा न उघडताच परत नेणारी किती. हे शेवटचं पटकन दिसत नाही, त्यासाठी वर्गशिक्षकांना सांगून ठेवा.

मग पोरांना विचारा, पण लेखी आणि नाव न घालता. तीनच प्रश्न. तू कुठं खातोस, कँटीनमध्ये का बसत नाहीस, तिथली एक गोष्ट बदलायची तर कुठली. आमच्याकडं मुलींच्या चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जास्त आलेलं उत्तर होतं "वास येतो". मोठ्या माणसांपैकी एकालाही तो वास जाणवत नव्हता, कारण आम्ही सगळे स्टाफरूममध्ये जेवतो. शोधलं तर भांडी धुवायच्या मोरीचं पाणी हॉलच्या आतल्याच गटारीतून जात होतं आणि वरची जाळी तुटलेली. जाळी आणि ट्रॅप, म्हणजे वास अडवणारं पाण्याचं वळण, बसवायला प्लंबरला अर्धा दिवस लागला, वास गेला. हे पहिल्या वर्षी विचारलं असतं तर तेव्हाच झालं असतं.

एक सल्ला, या पाहणीत वर्ग-प्रतिनिधींना घ्या पण फक्त हुशार पोरं घेऊ नका. जी कँटीनकडं फिरकतच नाहीत त्यांच्यातली दोन-तीन हवीतच. शिपाई मामा आणि कँटीनच्या मावशी यांना पण मीटिंगला खुर्ची द्या, मागं उभं करू नका, त्यांना जे माहीत असतं ते आपल्यापैकी कुणालाच नसतं.

हॉल मोजून घ्या. बसून खायचं असेल तर एका मुलामागं साधारण १० ते १२ चौरस फूट जागा धरतात, त्यात बेंच, टेबल आणि चालायची वाट सगळं आलं. म्हणजे हॉल १,२०० चौरस फुटांचा असेल तर एका वेळी शंभर ते एकशेवीस पोरं, त्यापेक्षा जास्त नाही. शाळेत ४०० पोरं असतील तर सगळी एकदम बसणारच नाहीत, हे आकड्यानं आधी मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे जातात. एकतर सुट्टी दोन टप्प्यात करायची, नाहीतर बाहेर दुसरी बसायची जागा काढायची. आम्ही दोन्ही थोडं थोडं केलं.

पत्रा आणि उकाडा

सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ पर्यंत जातो. तेव्हा सकाळची शाळा असते हे खरं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी एक-दीड वाजता पत्र्याखाली बसून बघा एकदा, घास गिळवत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याला किंवा स्लॅबला वरून पांढरा रंग. चुना भिजवून गाळून घ्यायचा, त्यात फेविकॉलसारखा डिंक मिसळायचा आणि दोन-तीन हात मारायचे. चुना पावसात धुऊन जातो म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत परत करावा लागतो. बजेट असेल तर ऊन परतवणारा तयार रंग मिळतो, तो जास्त टिकतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो म्हणून पत्रा कमी तापतो, एवढंच त्याच्यामागचं शास्त्र. आपल्या शेजारच्या तेलंगणानं तर २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे छतं कमी तापतील अशी करायचं, धोरणच आणलं. पत्र्यावर चढायचं काम मात्र पोरांकडून किंवा मामांकडून करून घेऊ नका. जुना पत्रा कुठं पिचलेला असतो ते वरून दिसत नाही, सवयीचा माणूस लावा आणि पायाखाली फळी टाकायला सांगा.

दुसरी गोष्ट, गरम हवा वर जमते, तिला वरूनच वाट पाहिजे. आमच्या हॉलच्या दोन्ही टोकांना वरच्या त्रिकोणात जुन्या काळी सोडलेली जाळी होती, ती कुणीतरी धूळ येते म्हणून पुठ्ठ्यानं बंद केलेली. पुठ्ठा काढला, बारीक जाळी लावली. तुमच्याकडं अशी जागा नसेल तर पत्र्यावर वाऱ्यानं फिरणारा तो गोल पंखा बसवता येतो, त्याला वीज लागत नाही. आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडतात का बघा, बऱ्याच शाळांत एका बाजूच्या खिडकीला कपाट टेकवलेलं असतं.

बाहेर कडुलिंब असेल तर तुमच्याकडं दुसरं कँटीन तयारच आहे. झाडाभोवती बसायला कट्टा बांधा, उंची दीड फुटापेक्षा कमी, वर शहाबादी फरशी, पण पॉलिश न केलेली, पॉलिशवर ओल्या पायानं पोरं घसरतात. खोडाला लागून सिमेंट करू नका, तीन-चार फूट माती मोकळी सोडा नाहीतर झाडाला पाणी जात नाही. बाहेर सावलीसाठी गवताचं छप्पर, कापडी मांडव नको. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ लेकरं गेली. शाळेत काहीही सजवताना हा आकडा डोक्यात ठेवा. थर्माकोल, फोम, अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवणं, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, यातलं काहीच कँटीनमध्ये नको. सिलिंडर हॉलच्या बाहेर हवेशीर जाळीत, आग विझवायचा सिलिंडर दाराशी, आणि तो वापरता येणारी किमान दोन माणसं.

आवाज, याला सगळ्यात जास्त वेळ द्या

फरशी, पत्रा, चार कोऱ्या भिंती आणि स्टीलची ताटं. आवाज शोषून घेणारं यात काहीच नाही. एक पोरगं बोलतं, ते परत फिरून येतं, म्हणून शेजारचा मोठ्यानं बोलतो, त्याच्यामुळं तिसरा ओरडतो. शिक्षक शिट्टी मारतात तेव्हा आवाज अजून वाढतो. यात पोरांचा दोष नाही, कुठलीही शंभर माणसं त्या हॉलमध्ये बसवली तर हेच होईल.

रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि कान द्या. टाळीनंतर आवाज झणझणत राहतो ना, तो आपल्याला कमी करायचाय. त्याला मऊ, जाड, सच्छिद्र वस्तू लागते. बाजारात त्यासाठी पॅनेल मिळतात पण आमच्या बजेटच्या बाहेरचं काम होतं. पालक मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा मागावर काम करणारे एक वडील उठले आणि म्हणाले, "मॅडम, कारखान्यात जिथं चादरींचे गठ्ठे रचून ठेवतेत ना, तिथं उभं राहून बोला, आवाज वेगळा लागतोय बघा." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कारखान्यात जाऊन बघितलं. बाजूला माग खडखडत होते आणि गठ्ठ्यांच्या मधल्या बोळात शिरलं की कानावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

तर आपली सोलापुरी चादर. जाड सुती, जेकार्डवर म्हणजे नक्षीच्या मागावर विणलेली, २००५ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि आपल्या गावात सेकंडचा माल म्हणून थोडा दोष असलेली चादर बरीच कमी किमतीत मिळते. कॅन्टीनला डिझाइनमधला एखादा धागा चुकलेला असला तरी काही बिघडत नाही. नेहमीची सिंगल चादर ६० बाय ९० इंच असते, म्हणजे पाच फूट बाय साडेसात फूट.

लावायची कशी ते नीट सांगते कारण इथंच लोक चुकतात. भिंतीला खिळ्यानं चपटी ठोकली तर उपयोग अर्धा होतो. चादर आणि भिंत यांच्यात दोन-तीन इंच मोकळी हवा राहिली पाहिजे, आणि चादर ताणून न लावता चुण्या पडतील अशी सोडायची, तेवढंच कापड जास्त बसतं. आम्ही चादरीच्या वरच्या कडेला नेफा शिवून घेतला, त्यातून अर्ध्या इंची पाईप घातला आणि पाईप भिंतीपासून पुढं आलेल्या ब्रॅकेटवर ठेवला. धुवायच्या वेळी पाईप उचलायचा, चादर काढायची, बस्स. खालची कडा जमिनीपासून पाच फुटांच्या वर ठेवा, म्हणजे तेलकट हात पोचत नाहीत.

समोरासमोरच्या दोन भिंती दोन्ही कोऱ्या ठेवू नका, प्रत्येक जोडीतली एक तरी झाका, कारण आवाज त्या दोघींमध्येच टोलवत बसतो. भिंतीत जागा नसेल तर छताच्या अँगलवरून चादरी उभ्या टांगा, अशा टांगल्या की दोन्ही बाजू कामाला येतात. पंख्याच्या पात्यापासून लांब, खालच्या कडेतही एक हलका पाईप म्हणजे वाऱ्यानं उडत नाहीत. शेगडी आणि स्विचबोर्डाच्या बाजूची भिंत पूर्ण मोकळी सोडायची, सुती कापडही पेटतं.

एकदम सगळ्या आणू नका. आठ लावा, परत टाळी वाजवा, फरक ऐका, मग पुढच्या आणा. आमच्या हॉलला चोवीस लागल्या.

अजून एक गोष्ट आहे आणि ती जवळजवळ फुकट आहे. बेंचच्या पायांना रबर. लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा आवाज हा अख्ख्या सुट्टीतला सगळ्यात कर्कश आवाज असतो. रबरी बूच मिळतात, नाहीतर सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूब आणून तुकडे कापून पायांना घट्ट गुंडाळा आणि तारेनं बांधा. ताटं टाकायच्या टपात खाली जुनी रबरी मॅट घाला. हे दोन तासांचं काम आहे, आमच्या नववीच्या पोरांनी एका शनिवारी केलं.

पाणी आणि हात धुणं

आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, बरीच वर्षं चार-पाच दिवसाआड आलंय, त्यामुळं इथं मुंबई-पुण्याच्या शाळेचा प्लॅन बघून चालणार नाही. आधी हिशोब करा. एका पोरामागं हात धुणं आणि ताट विसळणं मिळून दोन लिटर धरले तर ४०० पोरांना दिवसाला ८०० लिटर, पाच दिवसांना ४,००० लिटर. प्यायचं पाणी वेगळं. एवढी साठवण नसेल तर बाकीच्या सगळ्या कामाच्या आधी टाकी.

आणि नळांचा हिशोब. प्रत्येकाला साबण लावून हात धुवायला अर्धा मिनिट लागतो धरा. दहा मिनिटांत एका नळावर वीस पोरं होतात. ४०० पोरांना वीस नळ! म्हणून नळांच्या नादी न लागता आडवा पाईप लावा. दहा फुटी पीव्हीसी पाईप, फुटाफुटावर खालून बारीक भोक, एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला एकच कॉक. कॉक उघडला की दहा जण एकदम हात धुतात, धार बारीक असल्यामुळं पाणी कमी जातं, आणि नळ उघडा राहिला ही तक्रार संपते. असे दोन पाईप लावा, एक पाचवी-सहावीच्या पोरांसाठी साधारण दोन फुटांवर, दुसरा मोठ्यांसाठी अडीच-पावणेतीन फुटांवर. खाली उतार असलेली मोरी, आणि ते पाणी जाळीतून गाळून कर्दळ, केळीला सोडा. तेलकट ताटांचं पाणी मात्र वेगळं, ते झाडाला नको.

साबण टिकत नाही ही सगळ्या शाळांची तक्रार. जुन्या मोज्यात किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत साबण घालून पाईपला बांधा, कुणी नेत नाही, खाली पडत नाही आणि घासला की फेस छान येतो.

हात धुवायची जागा आत येण्याच्या वाटेवर पाहिजे. आमची आधी मागच्या बाजूला होती, एकदा बेंचवर बसलेलं पोर जागा जाईल म्हणून उठायचंच नाही.

बेंच, टेबल आणि एकट्यानं खाणाऱ्याची सोय

पाचवीतलं पोर आणि दहावीतलं पोर यांच्या उंचीत फूटभराचा फरक असतो आणि आपण दोघांना एकच बेंच देतो. मोठ्यांसाठी टेबल २८-२९ इंच आणि बेंच १७ इंच, छोट्यांसाठी टेबल २५-२६ आणि बेंच १५ इंच, असं दोन मापांत करून घ्या. प्रत्येकाला टेबलाची दोन फूट लांबी मिळाली तर कोपर लागत नाही. जुने बेंच टाकायची गरज नाही, वेल्डरकडून पाय कापून घेतले की छोट्यांचे बेंच तयार. टेबलाला वर कडप्पा किंवा शहाबादी छान, गार राहते, पुसायला सोपी, फक्त कडा गोल घासून घ्या. जड असते म्हणून खाली अँगलची फ्रेम मजबूत लागते.

लांबच लांब ओळी मोडा. ओळीत बसलं की पोरं फक्त शेजारच्याशी बोलतात आणि जो शेवटी बसतो तो कुणाचाच नसतो. सहा जणांची टेबलं बहुतेक, थोडी चार जणांची. टेबलांमधून साडेतीन-चार फुटांची वाट. व्हीलचेअरवरच्या किंवा कुबडीवरच्या मुलासाठी एका टेबलाचा एका बाजूचा बेंच काढून ठेवा, तेही मधल्या टेबलाचा, कोपऱ्यातल्या नको. दाराला पायरी असेल तर रॅम्प १:१२ च्या उताराचा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांब. त्यापेक्षा उभा केला तर मुलाला स्वतःच्या हातानं वर चढता येत नाही, कुणाला तरी ढकलावं लागतं.

आता जिन्यातल्या मुलीचं. प्रत्येक पोराला घोळक्यातच बसवलं पाहिजे असं आपल्याला वाटतं, पण काहींना अर्धा तास शांत बसायचं असतं, काहींची मैत्रीण आज आलेली नसते. सहा जणांच्या टेबलावर एकटं बसलं की सगळ्या हॉलला दिसतं, म्हणून ती पोरं पळतात. उपाय म्हणजे खिडकीला लागून एक अरुंद लांब फळी, सव्वा फूट रुंदीची, समोर खिडकी, खाली स्टुलं. तिथं तोंड बाहेर असतं, शेजारी कोण बसलं तरी चालतं, नाही बसलं तरी चालतं, आणि एकटं बसणं वेगळं दिसत नाही. आमच्या हॉलमधली सगळ्यात आधी भरणारी जागा आता तीच आहे.

डब्याची लाज हा पण विषय आहे. कुणाची आई पहाटे उठून विड्या वळायला बसते आणि डब्यात भाकरी-चटणीच येते, कुणाच्या डब्यात नूडल्स. आठवीपर्यंतच्या पोरांना पोषण आहार मिळतो आणि नववी-दहावीची डबा आणतात किंवा विकत घेतात, त्यातून पण गट पडतात. पोषण आहाराची वेगळी ओळ, वेगळा कोपरा करू नका. ताटं सगळ्यांना सारखी स्टीलची, डबा आणणाऱ्यानं सुद्धा ताटात काढून खायचं. डबा ताटात आला की तो कुणाचा कसला हे कमी दिसतं आणि वाटून खाणं आपोआप सुरू होतं. कोण कुणाशेजारी बसतं यात जातीचा, धर्माचा विषय शिरतोय असं दिसलं तर वर्गशिक्षकांनी त्याच आठवड्यात बोलायचं, आणि बोलण्यापेक्षा रोज एका टेबलावर स्वतः डबा घेऊन बसायचं. आमच्या मुख्याध्यापक बाई आठवड्यातून दोनदा बसतात.

रांग

चारशेतली शंभर पोरं विकत घेणारी धरा. एका पोराला सुट्टे पैसे देणं-घेणं धरून पंधरा सेकंद लागले तर मिनिटाला चार, म्हणजे पंचवीस मिनिटं नुसती रांगेत. शेवटच्या पोरानं खायचं कधी? पैसे आणि खाणं वेगळं करा. सकाळी शाळा भरताना कुपन विकायची, सुट्टीत फक्त कुपन द्यायचं आणि ताट घ्यायचं, तेवढ्याला पाच-सहा सेकंद पुरतात. मावशींना पण किती करायचं ते सकाळीच कळतं आणि वाया जात नाही. काउंटरची एक खिडकी छोट्यांच्या उंचीची ठेवा. सुट्टी दोन टप्प्यात करता आली, पाचवी-सातवी आधी आणि आठवी-दहावी वीस मिनिटांनी, तर रांग, नळ, बेंच तिन्हीचा ताण निम्मा होतो. वेळापत्रक करणाऱ्या सरांना हे अवघड जातं, त्यांच्यासोबत बसून करा.

काय विकायचं

एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था, तिचे शाळांसाठीचे २०२० चे नियम आहेत. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. म्हणजे कोल्ड्रिंक, चिप्सची पाकिटं, रोज तळलेला वडापाव बंद. कँटीन चालवणाऱ्याकडं अन्न परवाना किंवा नोंदणी पाहिजे आणि ती भिंतीवर लावलेली पाहिजे. आमच्याकडं आधी जो ठेकेदार होता तो काळं पडलेलं तेल आठवडाभर वापरायचा, विचारलं तर उडवून लावायचा. शेवटी ठेका संपल्यावर शेजारच्या दोन महिलांना काम दिलं आणि कढईच काढून टाकली. तळण नसलं की वास, धूर, तेलकट फरशी सगळंच कमी होतं.

पण नुसतं बंद करून पोरं येत नाहीत, त्यांना आवडेल असं काहीतरी पाहिजे. आपल्याकडं ते आहेच. सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, गरमागरम, वर शेंगदाणे आणि लिंबू, झटपट होते. मटकीची उसळ, थालीपीठ, इडली, ताक, पेरू, सीझनला डाळिंबाचे दाणे वाटीत. आणि कडक भाकरी! ती अनेक दिवस टिकते, गॅस लागत नाही, मोडून दह्यात शेंगा चटणीबरोबर दिली तर पोरं उभ्या उभ्या संपवतात. उरली तर दुसऱ्या दिवशी चालते, कँटीन चालवणाऱ्याला यासारखा माल नाही. शेंगदाणा कुणाला सोसत नाही का हे ॲडमिशनच्या फॉर्ममध्येच विचारून ठेवा.

धान्य आणि तेल ठेवायच्या खोलीत फिनाईल, उंदराचं औषध, फवारणीचे डबे अजिबात नकोत, रिकामे सुद्धा. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. सफाईचं कपाट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, कुलूप लावून.

पाट्या हातानं लिहा, मोठ्या अक्षरात. आमच्याकडं घरी मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी बोलणारी पोरं आहेत. फळ्यावर रोजचा पदार्थ सगळ्यांच्या बोलीत लिहितो. ज्वारीची भाकरी, खाली जोन्न रोट्टे, खाली जोळद रोट्टी, खाली जवारी की रोटी. लिहायची पाळी पोरांचीच असते. ज्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं त्या दिवशी सहावीतला एक मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नाही, तो फळ्यापुढं उभा राहून मोठ्यानं "जोन्न रोट्टे" वाचत होता, दोन-तीनदा.

भिंत

आता रंग. खालचे चार-साडेचार फूट ऑइल पेंट, धुता येतो, वर साधा फिकट रंग म्हणजे उजेड पसरतो. भडक केशरी-पिवळा सगळीकडं नको, चादरींचेच रंग एवढे असतात की भिंत शांत पाहिजे. ट्यूब लुकलुकत असतील तर आधी त्या बदला.

एकच भिंत पोरांना द्या. तयार कार्टून, फळांची चित्रं नकोत. आम्ही जेकार्डच्या ग्राफसारखी भिंत केली. चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढतात, तसंच भिंतीवर दोन-दोन इंचाची घरं आखली आणि प्रत्येक वर्गाला एक पट्टा दिला. मोर, सिद्धेश्वरांच्या तळ्यातलं देऊळ, कणीस, सायकल. चौकट असल्यामुळं ज्याला चित्र काढता येत नाही तो पण घर भरू शकतो, चूक झाली तर एकच घर पुसायचं. ज्यांच्या घरी ग्राफ करणारे आहेत ती पोरं इतरांना शिकवत होती. दरवर्षी नवी पाचवी एक पट्टा वाढवते, त्यासाठी जागा कोरी सोडलीय.

पैसे आणि वेळ

संस्थेकडं "कँटीन सुधारणा" म्हणून एकरकमी मागू नका, यादी करा. चोवीस चादरी, सहा पाईप, चाळीस रबरी बूच, दोन हात धुवायचे पाईप, कडप्प्याची आठ टेबलं. लोक वस्तू पटकन देतात. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं टेबलं दिली, कारखानदार पालकांनी चादरी, वेल्डर पालकांनी मजुरी सोडली. देणाऱ्याचं नाव टेबलावर कोरू नका, त्या टेबलावर बसणाऱ्या पोराला ते रोज वाचावं लागतं. दाराशी एक पाटी लावा, पुरे.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा संपली की मोजणी करा, फेब्रुवारीत पत्र्याला चुना, मार्चमध्ये वस्तू गोळा, परीक्षा संपल्या की प्लंबर आणि वेल्डर, मे महिन्यात टेबलं आणि चादरी, भिंत मात्र जूनमध्ये पोरं आल्यावर. सगळं जमत नसेल तर या रविवारी बेंचच्या पायांना रबर आणि मोरीची जाळी एवढंच करा, सोमवारी फरक ऐकू येईल.

चादरी दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत धुवायच्या, कुठल्या वर्गाची पाळी ते वेळापत्रकातच लिहा. पाईपची भोकं क्षारानं बुजतात, महिन्यातून एकदा टाचणीनं मोकळी करायची. आणि ठिपक्यांचा नकाशा ऑगस्टमध्ये परत काढायचा, त्याच वेळेला, त्याच पद्धतीनं. जिन्यात अजून ठिपके असतील तर तिथं जाऊन शेजारी बसून विचारायचं, काय राहिलंय अजून.